न चावता घेतलेली सळई

देवासच्या इस्पितळात आईच्या शेजारच्या खाटेवर बदनावरचे एक सोयाबीन व्यापारी होते. त्यांच्या मोडलेल्या मांडीत बसवलेली पहिली सळई पू झाल्याने काढावी लागली होती. जंतू चिकटू नयेत म्हणून आता चांदीचा लेप दिलेली बसवायची होती. मंडीत ओलावा पारखायला दाणा दाताखाली फोडल्याशिवाय हे काका सौदा करत नसत.

डॉक्टरांनी सळईचं सीलबंद पाकीट दाखवताच ते माळवी ढंगात म्हणाले, "भिया, जरा चावून बघू द्या!"

"तोंडातले जंतू लागले, तर पुन्हा पू होईल, काका."

काका हबकले. मग माझ्याकडे वळले. "ही बेटी चावेल."

मी ओठ घट्ट मिटले.

"कुणाचाच दात लागता कामा नये," डॉक्टर म्हणाले.

काकांनी त्यांना संशयाने न्याहाळलं. "तुम्हीही नाही ना चावली?"

"नाही."

"मग चला," म्हणत काका निवांत आडवे झाले.