अक्कलदाढ आणि वरचं टाकं

आधीच सांगतो — अंगात येणं, कौल, भगत, बाहेरचं... हा सगळा माझ्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. या ग्रुपवरचे अनुभव मी हसायला म्हणून वाचतो. निम्म्या लोकांना अपचन झालेलं असतं आणि उरलेल्यांना लाइक हवे असतात. मी आयुष्यभर एका कारखान्यात क्वालिटीला होतो, माल रिजेक्ट करण्याचाच पगार घेतला. तेव्हा खालचं वाचून कुणी "काका, तुम्हाला सिद्धी आहे" वगैरे लिहिलं, तर सरळ ब्लॉक करीन.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी डावीकडची खालची अक्कलदाढ आडवी वाढली होती. सोमाटण्यात ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातो त्या म्हणाल्या, थोडं हाड कोरावं लागेल, शिरेतून झोपेचं औषध देऊन काढू. मी घाबरट आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, पण माझं बीपी बघून चेहरा तसाच केला. भुलीचे डॉक्टर पुण्याहून येणार, म्हणून दिवस आणि वेळ पक्की ठरलेली.

तिथं हिरा नावाची असिस्टंट आहे. पस्तिशीची, आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीची. मी खुर्चीत बसलो आणि हिचा फोन तीनदा वाजला. मी सुनावलं, "बाई, माझा जबडा कोरायचाय. तुमच्या गप्पा नंतर मारा." तिनं मुकाट्यानं फोन बंद केला. मग सुई टोचली, आणि पुढचं मला काहीही आठवत नाही.

पुढचं माझ्या बायकोनं, सुमननं, सांगितलेलं. दाढ निघाल्यावर मला बाजूच्या खोलीत कॉटवर आणून झोपवलं. अर्धा जबडा बधिर, दातांत कापसाची घडी दाबलेली. अशा अवस्थेत माणूस फक्त लाळ गाळतो. मी मात्र डोळे मिटलेले असतानाच हिराला म्हणालो, अगदी स्वच्छ —

"म्हातारा वरच्या टाक्यात हाय. पाय मोडलाय. बसून हाय, पानी गुडघ्याला लागतंय. जावा बिगीनं."

सुमन म्हणते आवाज माझाच होता. तशी भाषा मात्र मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावी, इंदुरीतच सोडून आलो होतो. हिराच्या हातातला ट्रे खाली पडला.

तिचा बाप दोन दिवस बेपत्ता होता! शेळ्या ओढ्याच्या वाटेनं घरी आल्या, म्हातारा आलाच नाही, आणि सगळी वाडी ओढा धुंडाळत होती. माझी ठरलेली वेळ चुकू नये म्हणून ही त्या दिवशी कामावर आलेली. आणि मी तिचा फोन बंद करायला लावला होता. याची मला आजही लाज वाटते.

तिनं वाडीवर फोन केला. त्यांच्या डोंगरावर कातळात कोरलेली पाण्याची दोन जुनी टाकी आहेत. वरचं करवंदीच्या जाळीत बुजलेलं, तिकडं वाडीतलंसुद्धा कुणी फिरकत नाही. दिवस मावळायच्या आत म्हातारा सापडला. वरच्या टाक्यात, पाय मोडलेला, गुडघाभर पाण्यात, जिवंत.

माझा एक पुतण्या इंजिनिअर आहे, म्हणजे त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "काका, तुम्ही कुठंतरी ऐकलं असणार." कुठं रे बाबा? त्या वाडीचं नावही मला ठाऊक नव्हतं, आणि टाक्याचा विषय दवाखान्यात कुणी काढलाच नव्हता.

मग दारात रांग लागली. एकाला हरवलेली म्हैस हवी, एकाला मुलीचं लग्न कधी ते हवं. एक शहाणा तर गेटवर नारळ ठेवून हात जोडून उभा! त्याचा नारळ त्याच्या हातात दिला आणि गेट लावून घेतलं. माणसं इतकी मूर्ख असतात हे मला माहीत होतं, पण इतकी चिकट असतात हे नव्हतं.

मग कौसाबाई आली. पवनेकडची. तिचा नवरा लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. सहा महिन्यांपूर्वी शनिवार-रविवारची गर्दी उरकून घरी यायला निघाला, तो पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती.

"भाऊ, कुटं हायेत ते नका सांगू," ती पायरीवर बसून म्हणाली. "हायेत का न्हाईत, येवढंच सांगा. सासू म्हनती कुंकू पूस, पोरगी म्हनती लाव. मी रोज सकाळी आरशाम्होरं नुसती बसून ऱ्हाते."

"बाई, मला काही दिसत नाही. मी शुद्धीत नव्हतो."

"मग परत व्हा की बेसुद. आजून दाढा असतील ना तुमास्नी?"

इतक्या साधेपणानं म्हणाली की मला चिडताच येईना.

उजवी अक्कलदाढ किडली होती, हे खरं. डॉक्टरीणबाई काढा म्हणत होत्या, मी टाळत होतो. वेळ घेतली. सुमनला म्हटलं, किडलीय म्हणून काढतोय.

तीच खोली, तेच औषध. शुद्ध येताच मी हातानंच सुमनला विचारलं, काय बोललो?

"घोरत होतात," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

हिरानं मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. मी कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. नुसतं घोरणं. मला असा संताप आला... ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही, ती आली नाही म्हणून संताप!

हिराकडून दिवस कळला असावा, बाहेर बाकावर कौसाबाई बसली होती. मला बघून उठली. माझ्या तोंडात कापूस, बोलणं शक्यच नव्हतं.

"हायेत ना, भाऊ?"

मी मान हलवली. होकाराची.

सुमननं माझा दंड घट्ट धरला. कौसाबाई पायाशी वाकली आणि मी तिला वाकू दिलं. ज्या भगतांना मी जन्मभर लफंगे म्हणत आलो, ते निदान आधी डोळे फिरवायचे तरी कष्ट घेतात.

पहिल्या वेळी ते शब्द माझ्या तोंडी कुठून आले, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. दुसऱ्या वेळी काहीच आलं नव्हतं, हे मला, सुमनला आणि हिराला पक्कं ठाऊक आहे. कौसाबाईला ते आम्ही कुणी सांगितलेलं नाही. हिरा परवा म्हणत होती, ती आता ठसठशीत कुंकू लावते, आणि रोज संध्याकाळी नवऱ्याच्या वाट्याचाही भात टाकते.