शिंपीणबाईंची जबानी

वकिलांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीत टायपिस्टबाईंची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्यांनी वकिलांची इतकी लफडी टाइप केली होती की लिफ्टमध्ये काळा कोट दिसला की त्या मुकाट जिन्याने जात.

कामाची पद्धत ठरलेली. साक्षीदार बोलायचा, अध्यक्षसाहेब ते 'शुद्ध' करून सांगायचे आणि बाई तेवढंच टाइप करायच्या. शिवी असली की 'कटू शब्द', मिठी असली की 'जवळीक'. साहेबांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत भलेभले लफंगे सोज्वळ होऊन जात. शेवटी साक्षीदार न वाचता सही करी, आणि साहेबही.

त्या दिवशी समोर एक शिंपीण होती. तिच्या घटस्फोटाचे कागद तिच्याच वकिलाने ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करून ठेवले होते.

"तो म्हणाला, आधी सोफ्यावर माझ्याशेजारी बस, मग तुझे कागद कोर्टात जातील. पाच वेळा म्हणाला. मी बसले नाही, कागदही गेले नाहीत."

हा वकील म्हणजे अध्यक्षसाहेबांचा कॉलेजपासूनचा दोस्त. साहेबांनी घसा खाकरला. "लिहा बाई. वकिलांनी सौजन्याने बसावयास सांगितले असता अर्जदाराचा गैरसमज झाला."

असं नोंदलं गेलं की वकील नुसती समज मिळून सुटणार, हे बाईंना पाठ होतं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. सव्वीस वर्षं आपण या लोकांची घाण धुऊन, इस्त्री करून देतोय! बोटं चालली, पण शिंपिणीचं ऐकून.

मग सहीसाठी पेन पुढे करायचं सोडून बाई उभ्या राहिल्या. "नियमाप्रमाणे जबानी वाचून दाखवायची असते," म्हणत त्यांनी सोफ्यासकट सगळं खणखणीत वाचलं. साहेबांच्या शेजारी पेंगणारे समितीचे दोन्ही सदस्य खडबडून जागे झाले.

"हे मी सांगितलं नव्हतं!" साहेब ओरडले.

"नाही साहेब. यांनी सांगितलं."

एका सदस्याने शिंपिणीला विचारलं, "हे तुमचंच बोलणं?"

"शब्दन् शब्द," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

दोघांच्या देखत ते खोडायला लावायची साहेबांची छाती झाली नाही. वकिलाची सनद तीन वर्षांसाठी गेली, आणि शिंपिणीला तिचे कागद परत मिळाले.

बाईंवर मात्र आज्ञाभंगाचा मेमो निघाला. तो टाइप करायला ऑफिसात दुसरं कोणीच नव्हतं. साहेब येरझाऱ्या घालत, दात-ओठ खात सांगत गेले आणि बाईंनी तो साहेब बोलले तस्साच, शिव्यांसकट टाइप केला. साहेबांनी न वाचता सही केली.