रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची

काकू गेल्याचा फोन आला तवा कुकरची शिटी होऊन राहिली होती, मले नीट ऐकूच नाई आलं. अकोल्याहून काकूची लेक बोलून राहिली होती. मी म्हणलं, ताई थांबा, ग्यास बंद करते. बंद केला. मंग त्या म्हणे, "आई गेली वं सकाळी." अन् माह्या तोंडातून काय निंघालं, तं "ताई, पोट्टे जेवाले येऊन राहिले, मी काय करू?" ...असं कोणी बोलते का? पण मले दुसरं सुचलंच नाई. ताई रडता रडता थांबल्या. म्हणे, "जेवू घाल. आई दुसरं काय म्हणाली असती?" मी वाढलं. कोणाले सांगतलं नाई. सगळ्यायचं जेवण झाल्यावर भांड्यापाशी बसून रडली.

राजापेठेत गल्लीच्या तोंडाशी काकूची मेस आहे, क्लासेसचे पोट्टे-पोट्ट्या जेवाले येतात. त्यातलीच एक पोट्टी म्हणे, वैनी, तुमी काकूवर लिवा, मी पेपरात पाठवते. मी सातवी शिकली, चुकलं तं समजून घ्या. मी हिवरखेडची, माळ्याची पोरगी. आमच्या घरी वांगे-मेथी तोडाची अन् बाजारात नेऊन बसाचं, एवढंच मले येत होतं. लग्न होऊन अमरावतीले आली. माहे मालक संत्र्याच्या सीझनमध्ये शेंदूरजनाघाटकडे गाड्या भराले जातात, तिकडेच राहतात. माही पोरगी तवा नुकतीच झाली होती, अन् मी काकूकडे पोळ्या कराले लागली.

काकूचे यजमान भिक्षुकी करत होते. त्यायच्या घरात परक्याचा हात सैंपाकाले लागत नव्हता. ते गेल्यावर काकूनं मेस काढली, पण हात तिचाच. भाजी तीच आणे, फोडणी तीच दे, मीठ तं कोणाले पाहूबी देत नव्हती. मी पोळी लाटली का ती तव्यापाशी येऊन पुन्हा दाबून पाहे. पायावर सूज, डॉक्टरनं उभं राहू नका सांगतलेलं. ताई फोनवर वरडत, "आई, कामं वाटून दे!" काकू म्हणे, "कामं काय वरण आहे का वाटायला?"

मंग एक दिवस ती भिताडाले धरून खाली बसली. पाणी पाजलं. उठली नाई, तितूनच म्हणे, "आजपासून वरण तुझं. मीठसुद्धा तूच घाल."

माळ्याच्या पोरीचं मीठ अन् काकूचं वरण... देवाचं नाव घेतलं अन् घातलं. मी पोरगीले पाजाले मोरीकडे गेली, अन् काकू तेवढ्यात उठून आली, इतक्या वर्साची सवय, तिनंबी मूठ टाकली. पोट्टे बसले. पहिलाच घास घेतला अन् एक जण वरडला, "काकू, मिठाचं पोतं फुटलं का आज?" बाकीचे फिदीफिदी हासले. मी मनात म्हणलं, गेली नोकरी. पोरगीले कुठं घेऊन जाऊ आता?

काकूनं वरण चाखलं. माह्याकडे पाह्यलं. मंग सगळ्यायसमोर म्हणे, "तिचं बरोबर होतं रे. तिनं घातलेल्यावर मीच घातलं." पोट्ट्यायले दही-पोहे करून देल्ले. दुपारी भांडे घासता घासता मले म्हणे, "अर्धं दिलं म्हणजे दिलंच नाही बाई. एक तर तू घाल, नाहीतर मी."

दुसऱ्या दिवशी तिनं आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, दारात नेली, अन् सैंपाकखोलीकडे पाठ करून ठेवली. तोंड रस्त्याकडे. तवापासून सैंपाक होईस्तोवर ती तिथंच बसे. मले फक्त तिची पाठ दिसे, अन् बारीकसा पांढरा अंबाडा. मी इकून म्हणो, "काकू, पाहा ना जरा!" ती वळत नव्हती. म्हणे, "मी कशाला पाहू? वरण तुझं आहे." खरं सांगते, मले राग ये. वाटे, मले आगीत ढकलून ही मस्त वारं खाऊन राहिली. भाजीवाल्याशी गोठी करे, गाड्यायवाल्या पोट्ट्यायले दटावे, "हळू चालव रे, आईला एकुलता एक असशील!" अन् मी मांगं एकटी, घामाघूम. पण मंग वरण जमलं, भाजी जमली. भाजीवाल्याशी भावबी मीच करू लागली.

दिवाळीनंतर ताई तिले अकोल्याले घेऊन गेल्या. रिक्षात बसताना काकू म्हणे, "येते चार दिवसांनी." ...आली नाई.

तेराव्याले ताई म्हणे, मेस तूच चालवाची, आईनं सांगून ठेवलं होतं. तवापासून मले झोप नाई. चाळीस पोटं अन् मी एकटी, अन् काही बिघडलं तं दारात कोणाची पाठबी नाई. पोळ्या कराले शोभा ठेवली, माह्याच वयाची. पण तिची पोळी मी पुन्हा तव्यावर दाबून पाहो. मालकाले फोन लावला तं लागत नव्हता.

परवा पोरगी तापानं फणफणली होती. झोळीत रडून रडून तिचा आवाज बसला, अन् मी वरणापाशी. शोभा हात बांधून उभी. म्हणे, "घ्या नं तिले वैनी, वरण काय पळून चाललं का?"

"मीठ राह्यलं वं."

"मंग मले काय हात नाईत?"

मी तिच्या तोंडाकडे पाह्यलं. मंग पळी तिच्या हातात देल्ली, पोरगीले उचललं अन् जाऊन काकूच्या खुर्चीवर बसली. काकू गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. तिथून सैंपाकखोली काहीच दिसत नाई. नुसतं ऐकू येते. डब्याचं झाकण निंघालं... मले वाटलं, किती घेतलं हिनं? मुठीनं का चमच्यानं? उठू का? पोरगी छातीशी चिपकून पिऊन राहिली होती अन् माहा दुसरा हात खुर्चीचा दांडा गच्च धरून. दांड्याखाली बोटाले काहीतरी खरबरीत लागलं. वाकून पाह्यलं. वरून गुळगुळीत आहे, अन् खालून सगळं प्लास्टिक खरवडलेलं, एका जागी बोट बसन एवढी खाच पडलेली. काकूच्या बोटात तांब्याची आंगठी होती...

मी पाठच पाह्यली तिची.

"वैनी, चाखून पाहता का जरा?" शोभा आतून म्हणे.

मी बोट त्या खाचीत रोवलं. मान वळवली नाई. म्हणलं, "मी काहून पाहू? वरण तुहं आहे."