तळ्याचा दोष बाईच्या माथी

शुभा गेल्याचा फोन मंदारला ऑफिसात आला. तो भरदुपारी घरी परतला आणि बूट न काढता थेट ओट्यापाशी येऊन उभा राहिला. "आई, शुभाआत्या..." एवढंच म्हणाला. बर्लिनला, तिच्या संस्थेच्या जिन्यावर, हृदय बंद पडलं. वय चौसष्ट. मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि मी इथे जर्मनीतच, बॉबलिंगेनला मुलाच्या घरी मेथी निवडत बसलेली! सहा आठवडे झाले आता. रडून झालं. उरलाय तो राग, आणि तो मी गिळणार नाही.

शुभा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी पोळ्या लाटायची, ती शेजारी पाटावर बसून धडा मोठ्यानं वाचायची आणि मग विचारायची, "वहिनी, कळलं?" मला कळलं नाही तर तिचाही अभ्यास झालेला नसायचा, असा आमचा हिशेब. अशी मी तिच्या पुस्तकांवर शिकले. ती डॉक्टर झाली, पुढं संशोधनासाठी जर्मनीला आली, तिथून आफ्रिकेला जाऊ लागली. आणि मी आपली तिला फोनवर विचारायची, "अगं, तिकडे नेमकं करतेस काय?"

तर ती करायची ते असं. पूर्व आफ्रिकेत एका मोठ्या तळ्याकाठची गावं. पाण्यात गोगलगायी, त्यांच्यातून बारीक जंत सुटतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. बाया रोज गुडघाभर पाण्यात उभ्या, धुणं, भांडी, पाणी भरणं. मग ओटीपोटात दुखतं, अवेळी रक्त जातं, काहींना मूल राहत नाही. आणि गाव काय म्हणतं? हिचं वागणं वाईट! नवरा विचारतो, कुठून आणलास हा रोग? अहो, यावर गोळी आहे. साधी गोळी. पुष्कळ ठिकाणी ती शाळेत पोरांना वाटतात, पण त्यांच्या आया पाण्यात उभ्या, त्यांची आठवण कुणाला नाही.

शुभानं एका बाईला तपासून सांगितलं, "हा तळ्याचा आजार आहे, तुझा काही दोष नाही." ती बाई म्हणाली, "हे मला काय सांगता? माझ्या सासूला सांगा."

त्या एका वाक्यानं शुभा बदलली. रक्त, लघवी, सगळे नमुने बर्लिनला आले, निबंध छापून आला, संस्थेच्या दृष्टीनं काम संपलं. शुभा म्हणाली, ज्यांचं रक्त घेतलं त्यांना काय सापडलं ते सांगायला नको? गावात सगळ्यांसमोर, सासवांसमोर, मोठ्यानं वाचायला एक कागद हवा. तो कागद ती दर रविवारी फोनवर माझ्यापुढे मराठीत वाचायची.

"परजीवींचा प्रादुर्भाव..."

"शुभे, जंत म्हण."

"जंत. बरं. संसर्गाचा स्रोत..."

"पाण्यातून येतात म्हण की! कुणाला घाबरतेस?"

"तुला, वहिनी. आमच्या समितीपेक्षा तू खडूस आहेस." आणि खो खो हसायची. शेवटचा खर्डा तिनं मला लिहूनच घ्यायला लावला. म्हणाली, "तुझ्या हातानं लिही. लिहिताना अडलीस तर ते वाक्य कापू."

त्यावरून तिनं इंग्रजी कागद तयार केला आणि परवानगीसाठी दिला. दीड वर्ष! एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. ती गेली तेव्हाही तो तिथंच होता.

शोकसभेला मी मंदारच्या मुलीला, इराला घेऊन बर्लिनला गेले. तिचा मोठा फोटो, पांढरी फुलं. विभागप्रमुख बोलले, छान बोलले, की शुभाचं संशोधन आता इंटरनेटवर साऱ्या जगाला खुलं आहे. मला राहवेना. माझं जर्मन बेकरीपुरतं, पण उभी राहिले. "हेअर प्रोफेसर, त्या बायकांना कोण सांगणार?"

ते वाकून, मऊ आवाजात म्हणाले, "आल्झो, म्हणजे... प्रक्रिया चालू आहे. परवानगीसाठी दिलेला कागद शुभाच्याच कॉम्प्युटर-खात्यात आहे आणि डाटेनशुट्समुळे तो सध्या उघडता येत नाही."

डाटेनशुट्स म्हणजे माणसाची खासगी माहिती जपण्याचा कायदा. अहो, त्या कागदात एकाही बाईचं नाव नाही! त्यात फक्त तळं आहे. तळ्याची कसली खासगी माहिती? त्या बायकांच्या पोटात काय आहे ते जगाला खुलं, आणि त्यांनाच बंद!

परतीच्या गाडीत मी धुसफुसत होते. इरा माझ्याशी बोलते ती जर्मनमध्येच, पण माझं मराठी तिला सगळं कळतं आणि तिचं सोपं जर्मन मला. म्हणाली, "आजी, पण तो तुझ्याकडे आहे ना?" खरंच की! तळ्याकाठच्या बायकांचा निकाल मोकळा होता तो एकाच ठिकाणी, बॉबलिंगेनला, माझ्या शिवणाच्या डब्यात, मराठीत.

इरानं मला वाचायला लावलं आणि त्याचं इंग्रजी केलं. तिकडच्या दवाखान्यातली रेहेमा नर्स शुभाबरोबर वर्षानुवर्षं काम करायची. एकदा बर्लिनला आली होती तेव्हा मी शुभाकडे पोळ्या केल्या, तर म्हणाली, "ही तर आमची चपाती, फक्त अंगानं वाळलेली!" तिला इरानं तो पाठवला. रेहेमानं स्वाहिलीत केला आणि चर्चच्या अंगणात सगळ्यांना बसवून वाचला. पुढच्या बाकावर सासवा बसवल्या होत्या, मुद्दाम.

तिनं त्याचा आवाज भरून पाठवला. रेहेमा वाचतेय... आणि मध्येच बायका हसल्या. हसल्या म्हणजे, पोट धरून. मी इराकरवी रेहेमाला विचारलं, काय झालं? झालं असं, की शुभा सांगत गेली आणि मी शब्दन् शब्द लिहीत गेले. त्यामुळं "हा रोग नवऱ्याशी बेइमानी केल्यानं होत नाही" याच्या पुढे माझ्या अक्षरात आहे, "थांब हं वहिनी, चहा उतू जातोय." तेही इरानं केलं, रेहेमानं वाचलं. आख्ख्या गावानं शुभाचा चहा ऐकला.

हसू थांबल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "पाण्यात उतरायचं नाही, कबूल. मग पाणी आणायचं कुठून?"

कागदात याचं उत्तर नाही. मी तो प्रश्न शुभाच्या चहाच्या ओळीखालीच लिहिला आणि तो कागद तसाच, इराच्या जर्मन चिठ्ठीसह, विभागप्रमुखांना पाठवलाय. उत्तर अजून यायचंय. आलं की ते आधी मी वाचणार. मला कळलं नाही, तर परत पाठवणार.