झाकणाच्या आतल्या खुणा

दिनकर कांबळे मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी पंपाच्या बेअरिंगवरून हुज्जत घालत होतो. साताऱ्याहून त्यांच्या शाळेतले एक शिक्षक बोलत होते. "सकाळी शाळेला निघाले होते, दारातच खाली बसले..." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाने मागितला त्या भावाला बेअरिंग देऊन टाकलं. इस्लामपुरात माझ्या दुकानात असं पूर्वी कधी घडलेलं नाही. गिऱ्हाईकच घाबरलं. "शेठ, बरं न्हाई का तुमास्नी?" त्याला काय सांगणार? ज्या माणसाशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो तो गेला होता, आणि माझा त्याच्यावरचा राग मात्र होता तसाच होता.

मी माण तालुक्यातला. सायकलला यंत्रांचे पट्टे अडकवून गावोगाव विकत इस्लामपूरला आलो, साखर कारखान्यांना सुटे भाग पुरवू लागलो आणि कोटेशनं सुबक दिसावीत म्हणून दुकानामागच्या घरी कॉम्प्युटर घेतला. आमच्या गल्लीतला पहिला. मास्तर तेव्हा इथल्या हायस्कुलात संगीत शिकवत. एका दुपारी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत दुकानाची पायरी चढले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या कॉम्प्युटरला बाजा जोडता येतो म्हणं." मी म्हणालो, "बाजा जोडल्यानं ऊस जास्त गाळला जातो का?" ते मोठ्याने हसले, आणि मग बाकावर बसून जे सांगितलं ते हसत सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांची गायन पार्टी होती. वाळव्यापासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत ती भीमगीतं गात फिरायची. वडिलांनी स्वतः बांधलेल्या बत्तीस चाली होत्या, कागदावर एकही नाही. वडील गेले, साथीदार पोटामागे मुंबईला गेले. "आता त्या फक्त माझ्या डोक्यात हायत. मी सायकलवरनं पडलो की संपल्या." मेव्हण्याने मुंबईहून आणलेला इलेक्ट्रॉनिक बाजा त्यांच्याकडे होता. तो कॉम्प्युटरला जोडला तर वाजवलेला प्रत्येक सूर पडद्यावर आपोआप लिहिला जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

फुकट मी कुणाला पाणीही देत नाही, असं लोक म्हणतात. मी सौदा केला. रोज संध्याकाळी त्यांनी तासभर माझी कोटेशनं टाइप करायची, मग तासभर त्यांचा बाजा. "चालंल," मास्तर म्हणाले, "पण शेठ, माझा तास तुमच्या तासाएवढाच लांब हाय हं." बाजा जोडायला कॉम्प्युटरच्या आत बसवायचं साउंड कार्ड पुण्याहून मी आणलं. दुकानदाराला इतका घासला की शेवटी त्याने जोडायची तार कार्डाबरोबर तशीच दिली. तारेच्या टोकांवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं. आम्ही शहाण्यासारखं 'इन' बाजाच्या 'इन'मध्ये घातलं आणि चार दिवस पडद्याकडे बघत बसलो. पाचव्या दिवशी मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आवं शेठ, त्याचं तोंड याच्या कानाला लावाय पायजे! आपण कानाला कान लावून बसलोय." टोकं उलटी केली, तरी पडदा कोरा. मग पोर्टचे क्रमांक आले. कार्ड एका पत्त्यावर, प्रोग्राम दुसऱ्याच पत्त्यावर सूर शोधत होता. मास्तर एकेक क्रमांक घालून बघायचे, शाळेच्या वहीत लिहायचे, खोडायचे. माझा संयम सुटायचा, मी कॉम्प्युटरवर थाप मारायचो, आणि ते म्हणायचे, "मारू नगा, त्यो म्हैस न्हाई." अकराव्या दिवशी ३३० हा आकडा घातला, त्यांनी बाजाची पांढरी एक पट्टी दाबली आणि पडद्यावर काळा ठिपका उमटला. मग त्यांनी वडिलांची पहिली चाल वाजवली. मला सुरातलं काही कळत नाही. पण चाल संपली तरी त्यांनी शेवटच्या पट्टीवरचं बोट उचललं नाही, तेवढं मला दिसलं.

एक भानगड मात्र राहिली. साउंड कार्ड आणि माझा प्रिंटर कॉम्प्युटरला एकाच क्रमांकाने, सातने, हाक मारायचे, मग कॉम्प्युटर कुणाचंच ऐकायचा नाही. मोकळ्या क्रमांकावर कार्ड ठेवलं तर प्रोग्राम त्याला ओळखत नसे. म्हणून मास्तर रोज कॉम्प्युटरचं झाकण काढून कार्डाचा क्रमांक बदलणारी नखाएवढी काळी टोपी सातच्या काट्यांवर बसवायचे, आणि जाताना परत मूळ जागी, म्हणजे सकाळी माझी छपाई अडू नये. विसरू नये म्हणून झाकणाच्या आत त्यांनी एक कागद चिकटवला होता. टोपी परत बसवली की पेन्सिलीने एक खूण करायची. मी त्यांना त्यावरून चिडवायचो. असे महिने गेले. एकोणीस चाली झाल्या.

एका सकाळी प्रिंटर चालेना. दुपारपर्यंत एका कारखान्यात टेंडर पोचवायचं होतं. ते हातचं गेलं. वर्षभराचं काम होतं. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा दुकानात चारजण बसलेले होते. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, टोपी मी परत बसवली हाय. झाकण काढून बघा तरी." मी झाकण काढलं नाही. म्हणालो, "मला शिकवू नका. उचला तो बाजा आणि चालते व्हा माझ्या घरातनं."

हे शब्द त्यांच्या वाडवडिलांनी किती उंबऱ्यांवर ऐकले असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. वजन न बघता माल देणारा माणूस मी नव्हे. शब्द तेवढे न तोलता दिले. मास्तरांनी बाजा कापडात गुंडाळला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि पायरी उतरून गेले. तिसऱ्या दिवशी सांगलीचा मेकॅनिक आला. त्याने कॉम्प्युटरला हातही लावला नाही, नुसती प्रिंटरची तार वाकवून बघितली. "आतनं तुटलीय ओ," म्हणाला आणि नवी घातली. छपाई सुरू झाली.

म्हणजे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण धंद्यात मी एक नियम पाळत आलोय, की जो आधी तोंड उघडतो तो हरतो. गप्प बसायचं, समोरचा बोलेलच. मी मास्तरांच्या बोलण्याची वाट बघत बसलो. जूनमध्ये त्यांची साताऱ्याला बदली झाली. पुढच्या वर्षी तिथे वडिलांच्या चालींचा कार्यक्रम झाल्याचं कळलं, तेव्हा मी कुणाला न सांगता गेलो, मागच्या रांगेत बसलो. त्यांनी मांडववाल्याचे आभार मानले, चहावाल्याचे मानले. माझं नाव घेतलं नाही. मी शेवटच्या गाण्याआधी उठलो. ती गोष्ट दोन वर्षं मनात धरली, खोटं कशाला बोलू.

गेल्या पंधरवड्यात साताऱ्याला मास्तरांच्या पत्नी सुमन वहिनींना भेटायला गेलो. खुंटीवर तो पांढरा शर्ट होता, खाली कापडात बांधलेला बाजा. बोलता बोलता माझ्या तोंडून कार्यक्रमात नाव न घेतल्याची ती तक्रार निघून गेली. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आवं, तुमी आला हुता? मग भेटला का न्हाई? ते सारखं दाराकडं बघत हुते." मी बाजाकडे बघत विचारलं, "चाली?" त्या म्हणाल्या, "एकोणीसच. शाळंतला कॉम्प्युटर कुलपात असायचा. म्या म्हणायची, शेठकडं जावा की. तर म्हणायचे, बोलावलं तर जाईन." मग बाजाच्या गाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तेरा राहिल्या..."

जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता. परवा खाली काढला, धूळ पुसली आणि त्या दिवशी काढायला हवं होतं ते झाकण काढलं. कागद पिवळा पडलाय, पण चिकटून आहे. वर मास्तरांच्या अक्षरात ३३०, आणि खाली पेन्सिलीच्या खुणा, वहीतल्या मात्रांसारख्या सरळ, ओळीमागून ओळ. प्रत्येक संध्याकाळची एक. शेवटच्या संध्याकाळचीही आहे. काळी टोपी मूळ जागी, त्यांनी बसवली तशीच.

आधी मीच बोलतो, मास्तर. तार तुटली होती.