राखणीला बसवलेले देव

आंबिवली मागे पडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, आणि शुभदाताई अजून एकदाही टेकल्या नव्हत्या. अंगारकीला कल्याणहून चालत टिटवाळ्याला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेला थांबत होती. कोणी चहा पीत होतं, कोणी चप्पल काढून टाचा चोळत होतं, एका ठिकाणी केळी वाटणं चाललं होतं. विनिताने दोनदा विचारून पाहिलं, "ताई, घोटभर चहा घ्यायचा का?" दोन्ही वेळा शुभदाताई "पुढे घेऊ" म्हणाल्या, आणि पुढे गेल्यावर आणखीच भराभर चालायला लागल्या.

बरं, सरळ चालतील तर शपथ. मध्येच थबकायच्या, कुणाच्या तरी घराच्या भिंतीकडे टक लावून बघायच्या, "पाइप फुटलाय बघ, ओल धरलीय, एवढ्या पावसाळ्यात प्लास्टर खाली" असं पुटपुटायच्या आणि पुन्हा सुटायच्या. एका नव्या इमारतीच्या कंपाउंडच्या भेगेतून पिंपळाचं रोप डोकावत होतं, त्यासाठी चक्क मागे फिरल्या. रोपाला नमस्कार केला, मुळासकट अलगद ओढून काढलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

"आता हे टिटवाळ्याला न्यायचं?" विनिता हसली.

"मग काय! मोकळी जागा बघून लावू. इथे राहिलं तर भिंत फोडेल. देवाचं झाड झालं म्हणून काय त्याने लोकांच्या भिंती फोडायच्या?"

एवढं बोलल्या आणि का कोण जाणे, एकदम पुढे सुटल्या. विनिताला सकाळपासून एकच कोडं पडलं होतं. दर अंगारकीला घरातल्या गणपतीवर सहस्रावर्तनं करून मोकळ्या होणाऱ्या या बाई, काल जिन्यात गाठून म्हणाल्या काय, "चालत येतेस का टिटवाळ्याला? दोघीच जाऊ." आणि आता दोघीच असताना बोलत मात्र भिंतींशी होत्या.

विनिता डोंबिवलीला आयरे रोडच्या एका गल्लीत अलकनंदा सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. शुभदाताई आठल्ये तळमजल्यावर, फाटकाला लागून. इमारत बांधली तेव्हापासून त्या तिथे आहेत. सोसायटीत त्यांना सगळे परराष्ट्रमंत्री म्हणतात. हे नाव त्यांच्या यजमानांनी, मधुकाकांनीच ठेवलेलं. "आतलं खातं माझ्याकडे," मधुकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "वरण मी लावतो, भांडी मी लावतो. उंबरठ्याच्या बाहेरचं सगळं हिचं. भारताच्या सीमा हल्ली लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत गेल्यात."

त्यात काही खोटं नव्हतं. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल शुभदाताईंचं. जिन्यातल्या नावांच्या पाट्या शुभदाताई पुसणार, छज्ज्याखालची कोळिष्टकं त्याच काढणार. गणपतीच्या आधी बाहेरच्या भिंतीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडणं हा तर त्यांचा सणच. त्या मूळच्या राजापूरकडच्या. त्यांची आई रोज सकाळी अंगणच नव्हे, तर अंगणापुढची पायवाटही झाडायची. आई म्हणायची, घरातला पसारा पाहुण्याला दिसतो आणि दारातला वाटसरूला. पाहुणा आपला असतो, तो पोटात घालतो. वाटसरूने का घालावा?

सोसायटीतल्या लोकांना याचा जाच व्हायचा, नाही असं नाही. "वल्लरी!" खालून हाक यायची, "चहाचा चोथा कुणी टाकला गं?" तिसऱ्या मजल्यावरून वल्लरी डोकवायची. "काकू, कुंडीत घातला हो, तो सांडला खाली." "मग कुंडीच आणून ठेव ना माझ्या दारात. मला वेचायला बरं." वरची खिडकी बंद व्हायची आणि आत हसण्याचा आवाज यायचा. पण चोथा पुन्हा पडायचा नाही.

एकच जागा त्यांना दाद देत नव्हती. फाटकाशेजारची कोपऱ्याची भिंत. पलीकडे रिक्षा स्टँड, त्यामुळे लाल पिचकाऱ्या तिथे, आणि संध्याकाळी अंधार पडला की त्याहून नको ते तिथेच. शुभदाताईंनी चुना मारला, पाटी लावली, खुर्ची टाकून बसूनही पाहिलं. "मावशी, तुम्ही आत जा, आम्हाला लाज वाटते," असं एकाने त्यांनाच सुनावलं. शेवटी सगळे करतात तेच त्यांनी केलं. देवांच्या टाइल्स आणल्या. गणपती, साईबाबा, स्वामी आणि सप्तशृंगी. उत्तम नावाच्या गवंड्याकडून कंबरेच्या उंचीवर ओळीने बसवून घेतल्या.

आणि भिंत थांबली. म्हणजे घाण थांबली. दुसऱ्याच दिवसापासून. शुभदाताई आठवडाभर हरखून सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

साईबाबांच्या टाइलवर गुरुवारी एक फूल दिसायला लागलं ते विनिताचं. कामावर जाताना बाल्कनीतलं जास्वंदीचं फूल ती तिथे ठेवून हात जोडायची. देव दिसला की हात जुळतात, त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही. मग कुणाची उदबत्ती आली. उदबत्तीमागून दिवा आला. मग लोक घरातले काच फुटलेले फोटो आणून टेकवायला लागले. नाक उडालेला शंकर, रंग गेलेली लक्ष्मी, कुणाच्या लग्नात आलेला चांदीच्या वर्खाचा राधाकृष्ण. प्लास्टिकच्या पिशव्यांतलं निर्माल्य आलं, त्यामागे उंदीर आले. भिंत तेलाने काळी आणि धुराने करडी झाली. कचरागाडीवाले देवांना हात लावत नव्हते. शुभदाताई ते फोटो गोळा करून रिक्षाने नेऊन विसर्जनाच्या जागी पोचवायच्या, आणि चार दिवसांनी तिथे तेवढेच फोटो पुन्हा असायचे.

हे सगळं विनिताला ठाऊक होतं. यंदा इमारतीचं बाहेरून काम काढलं, परांची बांधली, भेगा भरल्या, बदामी रंग चढला, आणि तेवढी एक भिंत तशीच राहिली, हेही ती रोज बघत होती. रंगारी म्हणाले होते, "आम्ही नाही हात लावणार." सोसायटीचा सेक्रेटरी संदेश म्हणाला होता, "देवाच्या विषयात कमिटी पडणार नाही. ज्यांनी लावल्या, त्यांनी बघावं."

पुढचं तिला ठाऊक नव्हतं. ते बल्याणीच्या वळणावर शुभदाताईंनीच काढलं. चालत चालतच, मान न वळवता.

"साईनाथ आला होता गेल्या गुरुवारी. स्टँडवरचा."

"तो दाढीवाला?"

"हो. पाया पडला माझ्या. म्हणे, काकू, पुढच्या गुरुवारी पत्र्याची शेड टाकतोय. मूर्ती ठरवलीय, मंडळाची पोरं तयार आहेत. पहिली पूजा तुमच्या हातची."

"कुठे शेड?"

"कुठे म्हणजे? भिंतीला लागून. फाटकाचा अर्धा भाग जातो त्यात. एक दार कायमचं बंद. मी म्हटलं, अरे, गेल्या वर्षी यांना अॅटॅक आला तेव्हा अॅम्ब्युलन्स दारापर्यंत आली म्हणून हे आज वरण लावताहेत. आता ती बाहेर गल्लीतच थांबायची का? तर म्हणे, काकू, देव असताना अॅम्ब्युलन्स कशाला लागेल!"

विनिताला हसू आलं आणि लगेच विरलं. तो गुरुवार आता परवावर आला होता.

"मूर्ती बसली की संपलं गं," शुभदाताई म्हणाल्या. "बसलेली मूर्ती कोण उठवणार? मी तरी उठवेन का?"

"पण ताई, त्याच्या डोक्यात हे आलं कुठून? इतक्या ठिकाणी टाइल्स असतात."

शुभदाताई चालायच्या थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदा, भिंत नसताना.

"हेच विचारलं मी त्याला. तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, काकू, आम्ही आधी टाइल्स म्हणूनच बघायचो. पण तुम्ही दर शनिवारी आंघोळ करून यायच्या, बादली घेऊन, अनवाणी. देवांना पाण्याने स्नान घालायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या, एकेकाचं तोंड निरखून बघायच्या. तेव्हा आम्हाला कळलं, ही जागा साधी नाही. काकूंना काहीतरी दृष्टान्त झालाय." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मी धूळ पुसत होते! डाग राहिला का ते बघत होते! चपला भिजतात म्हणून अनवाणी. पाण्यात साबण होता विनिता, साबण!"

आता मात्र विनिताला हसू आवरेना. शुभदाताईही हसल्या, पण त्यांचं हसू अर्ध्यातच मोडलं आणि त्या पुन्हा चालू लागल्या, मघापेक्षा जोरात, पदर खांद्यावरून घसरला तरी भान नाही.

"हे म्हणतात, प्रतिष्ठा झालेली नाही, मंत्र नाही, विधी नाही, फरशी आहे ती, काढून टाक. मी म्हटलं, प्रतिष्ठा मी नाही केली, लोकांनी केली. शुक्रवारी सकाळी गेलेही होते पटाशी घेऊन. म्हटलं, स्टँड जागं व्हायच्या आत उरकू. तर हौसाबाई तिथे. ती भाजीची पाटी घेऊन बसते ना, ती. सप्तशृंगीवर डोकं टेकून रडत होती. नातवाला ताप होता म्हणे. मला बघून म्हणाली, बाई, तुमच्यामुळं गडावर जायला नको, आई दारात आली. मी पटाशी पदराखाली घेतली न् घरात आले. तेव्हापासून मला झोप नाही. कूस बदलते, उठते, खिडकीतून बघते. फाटकाचं दार हलवून बघते, उघडतंय ना."

"ताई, बसा जरा."

"बसवत नाही गं. बसले की वाटतं, आत्ता तिकडे कोणीतरी पत्रा उतरवत असेल."

विनिताला गुरुवारचं फूल आठवत होतं, आणि मागच्या वर्षीचा मधुकाकांचा घामेजलेला चेहराही. त्या फाटकाच्या आत उभ्या अॅम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचर चढवताना एक टोक तिनेच धरलं होतं. दोन्ही एकाच भिंतीपाशी. त्यांतलं एक ठेवायचं म्हटलं तर दुसरं जाणार, हे तिला आत्ता, चालता चालता कळत होतं.

टिटवाळा आलं तशी गर्दी दाटली. नारळ, दूर्वा, मोदकांच्या टपऱ्या, चपला सांभाळणाऱ्यांच्या हाका. रांग तलावाच्या कडेने वळसा घालून थेट लांबवर गेली होती. शुभदाताईंनी दूर्वांची जुडी घेतली, पैसे दिले, आणि जुडी विनिताच्या हातात ठेवली.

"तू जाऊन ये. मी इथे थांबते."

"म्हणजे? एवढं चालत आलात, आणि दर्शन?"

"काय तोंडाने जाऊ आत? देवाला मी भिंतीवर बसवला तो काय पुजायला? लोकांनी थुंकू नये म्हणून. वॉचमन परवडत नाही म्हणून माणसं कुत्रं पाळतात, मी देव आणला. त्याने काम केलं, अगदी चोख केलं. आणि आता मला फाटक हवंय म्हणून त्याला म्हणू, ऊठ?" त्या तलावाच्या कठड्याला टेकल्या, लगेच सरळ झाल्या. "मोकळं झाल्याशिवाय मला त्याच्यासमोर उभं राहवणार नाही. म्हणून तर तुला आणलं. इमारतीत बोलता आलं नसतं, तिथे भिंतीलाही वल्लरी असते."

मागचे लोक रांगेत शिरायची घाई करत होते. "ओ ताई, रांगेत आहात की नाही?" एकाने विचारलं. विनिता बाजूला झाली. दूर्वांचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

शुभदाताईंनी तिचा दुसरा हात धरला. त्यांची बोटं तारेच्या ब्रशने खरखरीत झालेली होती.

"ऐक. उद्या सकाळी उत्तम येतोय. त्याला सांगितलंय, कडेचं सिमेंट तेवढं सैल कर, टाइलला हात लावू नकोस. टाइल्स तू उतरव."

"मी? ताई, मी कशी..."

"तूच. संदेशने काढल्या तर तो नुसत्या फरश्या काढेल. मी काढल्या तर नोकराला कामावरून काढल्यासारखं होईल, कारण मी त्यांना ठेवलंच होतं तसं. तुला तिथे देव दिसतो. गुरुवारी तू डोळे मिटतेस ना, मी खिडकीतून बघते. साईनाथ समोर असेल, हौसाबाई असेल, बोलतील, ओरडतीलही. पण दर गुरुवारी फूल ठेवणारीनेच हात जोडून त्यांना उतरवलं, आपल्या देवघरात नेलं, तर त्यांना त्यात अपमान दिसणार नाही. अक्षता मी देते, पाट मी मांडते, शेजारी मी उभी राहते. शिव्या पडल्या तर त्या माझ्या. पण हात तुझे लाव. आता आत जा, त्याला विचार, आणि तो हो म्हणाला तर उद्या सकाळी आंघोळ करून खाली ये. येशील ना गं, विनिता?"