चिमणीचं वजन

माझ्या नणंदेला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची. मी मात्र वन्संच म्हणायचे, कारण नणंदेला तोंडावर भिंगरी म्हणणारी भावजय अजून जन्माला यायची आहे. पण नाव काही खोटं नव्हतं. जेवताना मधेच उठायची, उभ्यानं बोलतानाही एक पाय हलता. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पाळण्याला कधी झोका द्यावा लागला नाही, आपणच हलवून घ्यायची."

अशा बाईच्या हाती देवानं काम कुठलं द्यावं? तर जगातलं सगळ्यात धीराचं. सासऱ्यांचं पितळी यंत्रांचं दुकान होतं, आकाश मोजायच्या यंत्रांचं. त्यांच्यानंतर पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला आमचे हे बसायचे आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी वन्सं. नवरा लवकर गेला, तान्हं मूल कडेवर घेऊन माहेरी आली आणि रडायच्या ऐवजी तिनं वडिलांची कोरणी हातात घेतली. बसून काम करणं तिला कधी जमलं नाही. सुताराकडून उंच बाक करून घेतला आणि जन्मभर उभ्यानं कोरलं.

दुकानात दोन तऱ्हेचा माल असे. एक यंत्रराज. दिसायला ताटलीवर ठेवलेली जाळी. जाळीवर तारे, ताटलीवर आपल्या गावचं आकाश. जाळी फिरवली की दिवसाची वेळ कळते, सूर्य कधी उगवेल, कुठला तारा कधी मावळेल, सगळं कळतं. मला आधी वाटायचं, एकदा घेतलं की झालं. तर वन्सं म्हणाली, "तसं नाही वहिनी. ही ताटली याच गावापुरती. लांब उत्तरेला नेलं तर आकाश वेगळं, ताटलीही वेगळी लागते." म्हटलं, "म्हणजे सुनेसारखंच की. माहेरी शहाणी, सासरी गेली की काही येत नाही." हसली, पण हात थांबला नाही.

दुसरं जहाजावरचं. त्यात जाळी नाही, ताटली नाही, नुसतं जाडजूड कडं. मधे फिरती पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना दोन भोकं. भर दुपारी कडं हातात लोंबतं धरायचं, वरच्या भोकातला सूर्य खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची आणि कड्यावरचा अंश वाचायचा. सूर्य किती वर आला त्यावरून जहाज किती उत्तरेला, किती दक्षिणेला ते कळतं. समुद्रात पाटी नाही, मैलाचा दगड नाही. सगळी भिस्त त्या कड्यावर, आणि कड्याची सगळी भिस्त सरळ लोंबण्यावर. वाऱ्यानं हलू नये म्हणून ते जड, खाली जास्त जड. गवंड्याचा ओळंबाच म्हणा.

वन्संचा मुलगा मोठा झाला तो जहाजाच्या वेडानंच. मिशा आल्या तरी आई त्याला चिमण्याच म्हणायची. वाट दाखवणाऱ्याच्या हाताखाली दोन फेऱ्या केल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदा वाट दाखवायचं काम त्याच्या एकट्याच्या अंगावर आलं. वन्संनी त्याच्यासाठी कडं घडवलं. कितीदा घासलं, कितीदा टांगलं, त्याला हिशेब नाही.

जहाज सकाळी गेलं. धक्क्यावरून आलो, वन्सं खिडकीशी उभी राहून बोटांनी बाक वाजवत होती. मी आपला केर काढायला घेतला. बाकाखालून पितळेचा कीस निघाला, कोरणीचा, कुरळा कुरळा, चांगला ओंजळीच्या तळाला बसेल इतका.

"वन्सं, परवाच तर मी इथं झाडलं होतं. हा कुठला?"

तिनं वळून पाहिलं आणि बोटं थांबली. त्या बाईची बोटं थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

"चिमणी," ती म्हणाली.

"कुठली चिमणी?"

"काल कोरली. कड्यावर, उजव्या अंगाला. जहाजावर वस्तूंची अदलाबदल होते. त्याला आपलं कडं ओळखू यावं म्हणून." मग एकदम ओरडली, "वहिनी, मी तोलून पाहिल्यानंतर कोरली! उजवीकडचं वजन काढलं मी! कडं आता वाकडं लोंबणार!"

मी म्हटलं, "एवढ्याशा किसानं?"

ती फळीकडे वळली. त्याच साच्यातलं जोडीचं कडं फळीवर होतं. ते खिळ्याला टांगलं, शेजारी ओळंबा सोडला. दोन्ही नीट जुळलेली. मग माझ्या हातातला कीस घेऊन मेणात मळला आणि गोळा कड्याच्या डाव्या अंगाला चिकटवला. उजवीकडून काढलं काय, डावीकडे घातलं काय, सारखंच. कडं हललं, थांबलं. ओळंब्यापासून केसभर सरकलं होतं.

"केसभरच आहे की," आमचे हे दारातून म्हणाले.

"दादा, इथे केसभर म्हणजे तिथे कोसच्या कोस! गोड्या पाण्याचं बेट उजवीकडे राहील आणि हे पुढे निघून जातील. पिंपातलं पाणी किती पुरतं तुला ठाऊक आहे?"

ह्यांनी भर दिवसा दुकान बंद केलं. ते फार क्वचित व्हायचं.

एक बरं होतं. जहाज डोंगराच्या टोकाला लांब वळसा घालून पलीकडच्या बंदरात पाणी भरायला थांबतं, मगच खोल समुद्रात जातं. रस्त्यानं घाट चढून उतरलं की तेच बंदर. ह्यांनी घोडागाडी आणली. वन्संनी कोरणी, हातोडी आणि कानस ओच्यात बांधली. मी पाण्याचा तांब्या घेतला आणि तिच्यासोबत चढले, कारण तिला एकटी सोडली असती तर घोड्यालाच तिनं शिकवलं असतं.

घाटात ती निम्म्या वाटेवर खाली उतरून गाडीच्या पुढे चालत होती. गाडीवान म्हणाला, "बाई, तुम्हीच ओढत असाल तर मी झोपतो."

"झोपतोस कसला, हाक!"

वर बसली की विचारायची, "शिडात वारा भरला असेल का हो? गेलं तर नसेल?" मी म्हणायचे, नाही. मला वाऱ्यातलं काय कळतंय? पण माणसानं विचारलं की काहीतरी सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पोचलो. जहाज होतं! पिंपं चढत होती. चिमण्या धक्क्यावर उभा राहून पिंपं मोजून घेत होता. आम्हाला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"मामी, घरी काय झालं?"

"घरी काही नाही. तुझ्या आईला विचार."

"कडं आण!" वन्सं म्हणाली. "ते वाकडं लोंबतंय. माझी चूक झाली रे."

तो हसायला लागला. "माहीत आहे मला."

"काय?"

"काल दुपारी एकदा इकडून पाहिलं, एकदा कड्याची पाठ फिरवून तिकडून पाहिलं. दोन आकडे वेगळे आले. एकीकडे जितकं जास्त, दुसरीकडे तितकंच कमी. मधला घेतला की बरोबर. तूच शिकवलंस ना? मी एवढासा होतो तेव्हा दोनदा पाहिल्याशिवाय वरण वाढायची नाहीस."

मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर त्याला जवळ घेईल. कसलं काय! "आणि ढगांनी एकच आकडा मिळू दिला तर? मधला कुठून काढशील, माझ्या डोक्यातून? आण ते कडं!"

"तू चिमणी घासून टाकशील."

"आण म्हणते ना!"

चिमणी घासली म्हणून गेलेलं वजन परत थोडंच येतं? पण मुलाला ते सुचलं नाही. त्यानं कडं आणलं. वन्सं पालथ्या पिंपाशी उभी राहिली आणि डाव्या अंगाला, पहिलीच्या बरोबर समोर, दुसरी चिमणी कोरायला लागली. जहाजावरून कप्तान ओरडला, "वाट दाखवणारे, पाणी भरून झालं! काय बारसं चाललंय का?"

"आईला सांगा!" चिमण्या म्हणाला. कप्तानानं वन्संकडे पाहिलं, वन्संनी कप्तानाकडे. तो पुन्हा शिडाकडे बघायला लागला.

दुपार भरली. चिमण्यानं कडं हातात लोंबतं धरलं, सूर्य भोकातून भोकात घेतला. पाठ फिरवून पुन्हा घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, वन्सं कड्याकडे.

"एकच," तो म्हणाला. "दोन्हीकडून एकच."

वन्संनी कड्यावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी पडली. घाईत दुसऱ्या चिमणीची चोच वाकडी झाली होती. तिनं लगेच कोरणी उचलली.

चिमण्यानं कडं झटकन छातीशी धरलं. "आई, आता एक कणही काढायचा नाही."

"चोच तरी..."

"राहू दे वाकडी."

कोरणी हातात तशीच राहिली. चिमण्या वाकून माझ्या पाया पडला, तिच्या पाया पडला आणि फळीवरून वर गेला. जहाजानं नांगर उचलला. वन्संनी कोरणी ओच्यात खोचली, आणि मग त्याच पालथ्या पिंपावर ती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर ठेवून, शीड दिसेनासं होईपर्यंत बसली. मी शेजारी उभी राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ती बसलेली आणि मी उभी, असं तेवढं एकदाच झालं.

मग म्हणाली, "वहिनी, उठा, घाट चढायचाय."

"अहो वन्सं, मी उभीच आहे."